अर्धा बांधलेला कोच

गोमाजीतात्यांबद्दल लिहायचं म्हटलं की आधी माझं डोकं तापतं. माणूस जाऊन वर्षं लोटली की त्याच्याविषयी बरं बोलावं, असं सगळे म्हणतात. बोलोत बापडे. मला त्यांचा राग येतो आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाकडे निघालं की सावित्री नदीच्या पल्याड डोंगराला चिकटून आमचं उंबरकोंड आहे. कोंडातल्या एका घराआड एकाचा तरी पाय मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी शेटजीच्या घरी भांड्याला. तात्या मात्र गिरगावात एका कोच-खुर्च्यांच्या कारखान्यात लागले. खळ शिजवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे बैठका बांधायला शिकले. कोचाची गादी वरून मखमलीची असो की साध्या कापडाची, माणसाचं वजन पेलतात ते खालचे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर उभ्या केलेल्या स्प्रिंगा. ते पट्टे ताणून ठोकायचं काम तात्यांचं. त्यात ते खरोखरच तरबेज होते, हे मी नाकारत नाही. "आपलं काम तुटत नाय," हे त्यांचं पालुपद. शिमग्याला, गणपतीला गावी आले की आल्या-गेल्याला तेच. जेवताना तेच. कुणाच्या मयतीला गेले तरी घरी परतेपर्यंत एकदा तरी तेच.

पुढे मालक म्हातारा झाला, त्याच्या मुलांना तो धंदा नको होता, कारखाना बंद पडला. निघताना मालकानं तात्यांना एक जुना, दोघांनी बसायचा कोच दिला. तात्यांनी तो ट्रकनं महाडपर्यंत आणला, महाडहून एस.टी.च्या टपावर टाकून पोलादपूरला आणला आणि तिथून चार गड्यांच्या खांद्यावर नदी ओलांडून, चढण चढून कोंडात. वाटेत शेण गोळा करणाऱ्या राहीआजीनं बांबूला बांधलेलं ते लांबडं धूड बघितलं आणि पदर तोंडाला लावून विचारलं, "कोण गेलं रे?" गडी हसून हसून खाली बसले. तात्या हसले नाहीत. आपल्या वस्तूची थट्टा त्यांना कधी खपली नाही.

कोच ओटीवर आला. आमच्या कोंडात तोवर पाट होते, घोंगडी होती, म्होरक्याच्या घरी एक पायमोडकी खुर्ची होती. तात्या कोचाच्या उजव्या अंगाला बसायचे, रस्त्याकडे तोंड करून. डावं अंग रिकामं. बाप्ये यायचे ते संकोचानं खाली घोंगडीवरच टेकायचे. बायकामाणसांचा तर प्रश्नच नव्हता. ठकूकाकी, म्हणजे तात्यांची बायको, ओटीच्या उंबऱ्याआड बसून तांदूळ निवडायची. नवऱ्याच्या बरोबरीनं उंच बसायचं हे तिच्या मनातही आलं नसेल, आणि आलं असतं तरी तात्यांच्या आलं नसतं.

आमच्याकडच्या पावसाळ्यात चार महिने भिंती घाम गाळतात, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या वहाणेला बुरशी धरते. कोचाचे पट्टे तागाचे. दोन पावसाळे गेल्यावर ते कुजले. तात्या बसले की बूड खाली जायचं आणि गुडघे वर यायचे. मग एका दिवाळीनंतर त्यांनी अंगणात कोच पालथा घातला. मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत मास्तरीण होते. वडील गोदीत असल्यामुळे मुंबईला राहून सातवीची फायनल झाले होते, म्हणून ती नोकरी. रविवारी घरी यायची. त्या रविवारी मी ते काम बघत बसले.

तळाचं गोणपाट त्यांनी कडेनं उसवून काढलं. उजव्या अंगाचे जुने पट्टे ओढले तसे हातात भुगा झाले. मुंबईहून येताना नव्या पट्ट्याची एक गुंडाळी त्यांनी आणली होती. पट्ट्याचं टोक दुमडून एका बाजूला चौकटीवर ठोकायचं, दुसऱ्या बाजूला लाकडाच्या ठोकळ्यावर पीळ देऊन इतकं ताणायचं की बोटानं टिचकी मारली तर आवाज यावा, आणि मग खिळे. उभे पट्टे झाले की आडवे, एकाखालून एकावरून, टोपलीच्या विणीसारखे. जिथं दोन पट्टे एकमेकांवर येतात तिथं स्प्रिंग उभी करून दाभणानं शिवायची, मग सगळ्या स्प्रिंगांची डोकी सुतळीनं एकमेकींना बांधायची. हात असा चालायचा की बघत राहावं. उजवं अंग पुरं झालं आणि गुंडाळी संपत आली. थोडकी उरली होती, ती डाव्या अंगाला पुरण्यासारखी नव्हती.

ठकूकाकी पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्या अंगाचं पण करून टाका की. महाडच्या बाजारात खाटेची नवार मिळती, ती आना."

"त्या अंगाला बसतंय कोण?" तात्या म्हणाले.

"शिमगा हाय चार महिन्यांवर. घर भरंल. कोनीतरी बसंल."

"बगू मंग."

डाव्या अंगाचे कुजके पट्टे तसेच ठेवून तळाला गोणपाट शिवलं, कोच सुलटा केला आणि ओटीवर नेऊन ठेवला. वरून बघणाऱ्याला दोन्ही अंगं सारखीच दिसत होती.

शिमग्यात आमच्याकडे सोमजाईची पालखी घरोघर येते. ढोल, सनई, नाचणारे भोई, पालखीत देवीचं चांदीचं रूप. घरधन्यानं अंगणात पाणी घालायचं, पालखी ओटीवर पाटावर नाहीतर घोंगडीवर टेकवायची, मालकिणीनं ओटी भरायची, मग गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. वर्षातून एकदाच देवी आपल्या घरात येते. गावाला मुंबईहून माणसं येतात ती याच एका दिवसासाठी. त्या वर्षी तात्यांची मुलगी शकूही माहेरी आली होती. आदल्या उन्हाळ्यातच तिचं शिवथरच्या खोऱ्यात लग्न झालं होतं, हा तिचा पहिला शिमगा.

पालखी तात्यांच्या ओटीवर आली. काकीनं पाट मांडला होता. तात्यांनी तो पायानं सरकवला आणि म्हणाले, "देवी खाली कशाला? कोचावर ठिवा."

भोई घुटमळले. गावकीचे म्होरके हैबतीबाबा म्हणाले, "पाटच बरा, गोमाजी."

"माज्या हातानं बांधलाय. हत्ती बसवा."

पालखी कोचावर टेकवली. तिचे दोन पाय उजव्या अंगावर आले, दोन डाव्या अंगावर. उजवं अंग तसूभर हललं नाही. डाव्या अंगाच्या आतून फाटल्यासारखा आवाज आला, गादी भसकन खाली गेली आणि पालखी कलंडली. देवीचं रूप घरंगळून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलं. ढोल थांबला. दोन्ही अंगं कुजकी असती तर पालखी सरळ खाली बसली असती आणि काही झालं नसतं. चांगलं काम अर्धं केलं म्हणून देवी पडली, हे मला कितीतरी दिवसांनी सुचलं. तेव्हा मी नुसती हात जोडून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सहाणेवर गावकी बसली. सहाण म्हणजे देवळापुढचा दगडी चौथरा, जिथं पालखी ठेवतात तो. हैबतीबाबा कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांनी बोलणं सोपं ठेवलं होतं. ते म्हणाले, "गोमाजी, देवी पडली ही साधी गोष्ट नाय. पन मानसाच्या हातनं व्हतं. एक नारळ ठिव, आन माजं चुकलं म्हन. गावकी संपली."

आता इथं कुणीही शहाणा माणूस काय करील? नारळ ठेवील. तात्या उठून उभे राहिले. "माजं काय चुकलं? माजे पट्टे तुटत नाय. भोयांनी आपटली पालखी."

भोई चवताळले. ती गावातलीच तरणी पोरं, त्यांच्या बापांनी आवाज चढवला. हैबतीबाबांनी पुन्हा विचारलं. तात्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते चालू लागले. गावकीनं त्यांना वाळीत टाकलं.

असं करायला सरकारची बंदी आहे म्हणे, मुंबईच्या विधानसभेनं तसा कायदा केलाय, असं आमचे हेडमास्तर सांगायचे. तो कायदा पोलादपूरच्या कचेरीपर्यंत आला असेल. नदी ओलांडून कोंडात चढला नव्हता. वाळीत म्हणजे त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्यांच्या शेतावर लावणीला जायचं नाही, त्यांनी गावाची विहीर सोडून ओढ्याचं पाणी प्यायचं. आणि त्यांच्या उंबऱ्याच्या आत जो पाऊल टाकील तोही वाळीत. ही शेवटची अट सगळ्यांत वाईट. शकूच्या सासरचे लोक आमच्याच बारा गावांच्या गावकीतले. लेक माहेरी गेली तर सासरही बाटणार. तिच्या सासऱ्यानं, रावजींनी, तिला सांगून टाकलं, गाव उघडेपर्यंत, म्हणजे वाळी उठेपर्यंत, माहेरचं नाव काढायचं नाही.

तात्यांना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. ते आपल्या अंगाला बसायचे, रस्त्यानं जाणारे-येणारे माना फिरवायचे. लावणी दोघांनीच ओढली. ठकूकाकी चिखलात वाकून वाकून काळी पडली.

पोलादपुरात गावकी चालत नाही. बाजारच्या दिवशी काकी माझ्या खोलीवर यायची, डोक्यावरची पाटी खाली ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. तिथंच तिनं मला खरं सांगितलं. पालखी गेल्यावर, घर सुनं झाल्यावर, तिनं कोचाखाली हात घालून बघितला होता. उजवीकडचे पट्टे ताठ होते. डावीकडचे लोंबत होते.

"त्यांना म्हाईत हाय?" मी विचारलं.

"त्यांनीच तर बांधला नाय. त्यांना नसंल म्हाईत?"

"मग तू का नाही सांगत गावाला?"

"नवऱ्याचं हसं कसं करू गो?" ती म्हणाली. मला तेव्हा तिचाही राग आला.

एकदा मी शकूला निरोप पाठवून बाजारच्या दिवशी खोलीवर बोलावलं. मायलेकी समोरासमोर बसल्या. बोलल्या फार थोडं. काकीनं तिच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, उसवून परत घातली. ही बातमी शिवथरला पोचायला आठवडाही लागला नाही. रावजींनी शकूचा बाजार बंद केला.

पुढच्या शिमग्यात पालखी तात्यांच्या अंगणाला वळसा घालून गेली. काकीनं सडा घातला होता, रांगोळी काढली होती. ती दाराआड उभी राहून ढोल लांब जाताना ऐकत होती.

त्या पावसाळ्याच्या शेवटी शकूला दिवस गेल्याचं कळलं आणि काकी बदलली. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरचं. ते माहेरी झालं नाही तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, आणि आईला त्याहून जास्त. शिवाय शकूची सासू मागेच वारलेली. त्या घरात तिचं करायला एक डोळ्यांनी अधू आत्या होती, बस्स. शकू पोरसवदा, अंगानं बारीक. काकीला रात्री झोप लागेना. "तिचं सगळं माज्या हातनं व्हऊ दे, मंग मी मेले तरी चालंल," ती मला म्हणाली. तिला दुसरं काही नको होतं.

ती तात्यांच्या मागे लागली. दोन शब्दांचा तर प्रश्न. ताटावर बसले की म्हणायची, झोपायला गेले की म्हणायची. तात्या आधी गप्प बसले, मग ओरडले, मग एकदा ताट भिरकावलं. "गोमाजी कोचवाल्याचं काम तुटलं असं पोरासोरांनी म्हनायचं? त्यापरीस मी हितंच मरंन."

मग काकीनं कधी केलं नव्हतं ते केलं. डोक्यावर पदर घेऊन ती हैबतीबाबांच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि कुणी हटकायच्या आत सांगून मोकळी झाली. डावं अंग बांधलं नव्हतं. मी त्यांना बांधायला सांगितलं होतं. घरचीच चूक आहे, भोयांची नाही. पदर पसरते, गाव उघडा.

हैबतीबाबा तिच्याशी थेट बोलले नाहीत, वाळीतल्या बाईशी कसे बोलणार? ओसरीवर बसलेल्या येसाजीकडे बघून ते म्हणाले, "बाईमानसाचं बोलनं गावकी धरत नाय. नवऱ्याला धाड म्हनावं."

ती हकिगत तात्यांच्या कानावर गेलीच. त्यांनी काकीला मारलं नाही, मला वाटलं होतं मारतील. ते दुसऱ्या दिवशी महाडला गेले आणि नवारीची गुंडाळी घेऊन आले. काकीनं ती पांढरीशुभ्र नवार चुलीवर आडव्या बांधलेल्या काठीवर टांगलेली बघितली. दिवसभर तिला धूर लागत होता.

"हे काय चाललंय?"

"नवी दिसाय नको."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. नवार धुरकट, जुनाट झाल्यावर तात्यांनी दार लावून कोच पालथा घातला आणि डावं अंग बांधलं. गंजके खिळे सरळ करून तेच पुन्हा ठोकले, तेच जुनं गोणपाट जुन्याच भोकांतून शिवलं. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत सुबक काम ते असावं. मग काकीला म्हणाले, "पंचांना बगू दे. बसू दे. माजे पट्टे तुटत नाय हे कळलं की गाव आपसूक उघडंल. तुला पोर घरी पायजे ना?"

मी बाजारच्या दिवशी काकीला म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "खऱ्यानं झालं नाय, मंग खोट्यानं व्हऊ दे. पोर घरात येऊ दे." तिचं चुकलं असं म्हणायची मला छाती होत नाही.

शकूला सहावा लागला तेव्हा कार्तिकातल्या रविवारी तात्यांनी कोच सहाणेवर नेला. हात लावायला गावातलं कुणी येणार नव्हतं. पुढून तात्यांनी धरला, मागून काकीनं. चढणीवर तिचा पाय दोनदा घसरला, तिनं कोच सोडला नाही. आम्ही बायका देवळाच्या बाजूच्या भिंतीशी उभ्या होतो. काकीही येऊन आमच्यापासून हातभर लांब उभी राहिली.

तात्या म्हणाले, "त्या दिवसापासनं पट्ट्यांना हात लावला नाय. स्प्रिंगांच्या सुतळ्या सरकल्या होत्या तेवढ्या सारक्या केल्या. पट्टे तेच. बगा."

हैबतीबाबांनी कोच उलटा करून घेतला. गोणपाट जुनं, खिळे गंजके, फटीतून दिसणारे पट्टे धुरकट. सुलटा केल्यावर त्यांनी येसाजीला डाव्या अंगाला बसायला सांगितलं. येसाजी आमच्या कोंडातला सगळ्यांत जाड माणूस. तो भीतभीत टेकला, मग नीट बसला, मग त्याला मजा वाटली आणि तो दोनदा उसळला. आणखी एक जण बसला. मग दोघं मिळून. काही झालं नाही. तात्या छाती काढून उभे होते. मला वाटतं गिरगाव सोडल्यापासून त्यांना एवढं बरं कधी वाटलं नसेल.

"काम पक्कं हाय," हैबतीबाबा म्हणाले. काकीनं डोळे मिटून हात जोडले.

पण हैबतीबाबा उठले नाहीत. त्यांनी दाढी खाजवत विचारलं, "कोच पक्का. मंग देवी पडली कशी?"

तात्यांच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. आपले पट्टे चांगले ठरले की सगळं संपलं, एवढंच त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "भोयांनी आपटली."

"भोई ते. त्यांनी इतर घरांत नाय आपटली. ती तुज्याच घरात पडली. बैठक पक्की आसंल तर घरात विटाळ व्हता." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घरात बाईमानूस कोन कोन व्हतं?"

"ठकू," तात्या म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "आन शकू."

ठकूकाकीचे ते दिवस केव्हाच सरले होते, हे सगळ्यांना ठाऊक. उरली शकू. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांची तोंडं एकदम वळली. गुरवाला बोलावलं. त्यानं देवीच्या दगडाला दोन्हीकडे तांदळाचे दाणे चिकटवले आणि कौल लावला. लेकीचा विटाळ झाला असंल तर उजवा दे, आई. उजवा दाणा पडला.

त्या क्षणाला तात्यांनी तोंड उघडलं असतं तर सगळं मिटलं असतं. पट्टे कुजके होते, मी बांधले नव्हते, पोरीचा काही संबंध नाही. एवढंच. ते कोचाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी खाली बघितलं.

काकी भिंतीआडून ओरडली, "शकू शुद्ध व्हती. पुरण तिनं शिजवलं. मी आई हाय तिची, मला ठावं नाय?" गावकीतल्या एकानंही मान वळवली नाही. बायकांपैकी कुणीतरी तिला "गप गो" म्हटलं.

हैबतीबाबांनी निकाल सांगितला. गोमाजीचा दोष नाही, गाव त्याला उघडं. पालखी येईल, विहीर मोकळी, विस्तव मोकळा. शकूनं मात्र बापाच्या घराचा उंबरा चढायचा नाही. देवीनं तोंडानं सांगितलंय, त्याला इलाज नाही. ऐकून लोक उठले आणि तात्यांच्या पाठीवर थाप मारत घरी गेले. कोच परत न्यायला या वेळी चौघे धावले.

त्या दिवसापासून काकी नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी करायची, ताट वाढायची, समोरून उठायची. तात्यांना त्याचीही उणीव भासली असेल असं वाटत नाही, कारण आता ओटीवर माणसं यायला लागली होती. दोन वर्षं मान फिरवणारे लोक कोचावर बसायचे, तात्या त्यांना गिरगावच्या गोष्टी सांगायचे. "बसा, बसा. खाली जायाचं नाय."

मग शिमगा आला. शकूचे दिवस भरत आले होते. शिवथरहून सहदेव, तिचा नवरा, पोलादपूरला माझ्याकडे निरोप घेऊन आला होता की पोटात दुखतंय, कधीही होईल, आणि ती सारखी आईचं नाव घेते. मी तो निरोप घेऊन कोंडात गेले तर पालखीची वेळ झालेली. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचे टहाळे. मी काकीला मागच्या दारी गाठलं आणि सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

ढोल वाजत पालखी अंगणात आली. तात्या नवं धोतर नेसून उभे. या वेळी पालखी पाटावर ठेवली. ओटी भरायला मालकीण हवी, म्हणून तात्यांनी आत बघून हाक मारली, "ठकू."

ती आली. डोक्यावर गाठोडं होतं, त्यात बाळंतिणीची लुगडी, डिंक, अळीव, जुन्या मऊ धडुत्याच्या घड्या. हातात ओटीचं ताट नव्हतं. पालखीला तिनं नमस्कार केला आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याला म्हणाली, "देव आला तुमच्या घरी. मी माज्या पोरीच्या घरी जातंय. कोचाचं खरं काय ते तुमाला ठावं हाय आन मला ठावं हाय. हितं पोरीला जागा नाय तर मला पन नाय."

लेकीच्या सासरी राहणारी आई म्हणजे आमच्याकडे लाजेची परिसीमा. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा लोक पीत नाहीत. हैबतीबाबांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण ती पायऱ्या उतरली होती. मी तिच्याबरोबर पोलादपूरपर्यंत गेले. ओटी माझ्या आईनं भरली, पालखी पुढच्या घरी गेली.

शकूला मुलगी झाली. काकी पोचली तेव्हा कळा सुरू होत्या, तिच्याच हातात पोर आलं. रावजींनी तिला घरात ठेवली नाही, गोठ्याशेजारच्या पडवीत राहा म्हणाले. ती राहिली. भात कांडलं, शेण काढलं, नात वाढवली. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाली, "बरं हाय." बरं नव्हतं. अंगावर निघताना नेसलेलं तेच लुगडं होतं.

त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्र राज्य झालं, पोलादपूरच्या शाळेत आम्ही पोरांना साखर वाटली. तात्या पुढं पुष्कळ वर्षं जगले. स्वतःच्या हातानं भात शिजवून खायचे आणि ओटीवर येऊन बसायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "काकीला आणायला का जात नाही?" ते म्हणाले, "तिची ती गेली. तिची ती यील." शिवथर काही फार लांब नाही, सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला पोचतो. पण गेले असते तर तिच्यासमोर ते दोन शब्द बोलावे लागले असते. ते त्यांनी गावापुढे बोलले नव्हते, देवीपुढे बोलले नव्हते, आणि बायकोपुढे तर त्यांना त्याची गरजच वाटली नाही.